ब्रेकअपनंतरचं पहिलं सवाई: जावं की टाळावं?

तुझा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय 28, हिंजवडीत नोकरी, तीन वर्षांचं नातं गणपतीच्या सुमारास संपलं. गाण्याची गोडी तिच्यामुळे लागली, दोघं दरवर्षी सवाईला, म्हणजे पुण्यातल्या सवाई गंधर्व भीमसेन या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला, बरोबर जायचात. आता डिसेंबरात कॉलेजचे चार मित्र मुंबई आणि बंगळुरूहून शनिवार-रविवारसाठी येतायत, तुझ्याच फ्लॅटवर उतरणार आहेत, तिकिटं काढून झालीयेत. ती तिच्या बाबांबरोबर तिथे असणार हे जवळपास नक्की. आणि तू विचारतोयस की जाऊ की तब्येतीचं कारण सांगून टाळू, ती समोर आली तर काय करू, मित्रांसमोर रडू आलं तर काय करू.

मी पुण्यात बरीच वर्षं समुपदेशन करते, आणि सवाई रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचं तेव्हापासून ऐकतेय, म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं. वयाने बरीच मोठी आहे तुझ्यापेक्षा, त्यामुळे अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस.

प्रश्न वरवर तिकिटाचा आहे, पण तू मध्येच एक वाक्य लिहून गेलायस की "अजून एवढी आठवण येते म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय". मला वाटतं खरा प्रश्न तिथे आहे. तुला भीती आठवणीची कमी आणि आठवण आल्यावर आपण मागे घसरू, तीन महिन्यांत जे काही सावरलंय ते एका आलापात वाहून जाईल, याची जास्त आहे. दुसरी एक भीती तू लिहिली नाहीस पण ओळींमधून दिसते, की हे गाणं तिच्याबरोबर आलं तर तिच्याबरोबर जाणार का.

माझं मत आधीच सांगून टाकते: जा. पण आठवण येणार नाही या आशेवर जाऊ नकोस, ती येणारच आहे असं धरून जा. आठवण येणं ही एक गोष्ट आणि ती आल्यावर आपण हाताने काहीतरी करणं ही दुसरी गोष्ट. पहिलीवर तुझा ताबा नाही आणि त्याने काही बिघडतही नाही. बिघडतं ते दुसरीने, आणि तिथे तुझा ताबा बऱ्यापैकी असतो, जर आधी ठरवून ठेवलं असेल तर.

आता हे सगळ्यांना सरसकट लागू नाही हे मला मान्य आहे. नातं कसं संपलं यावर बरंच अवलंबून आहे. दोघांच्या समजुतीने संपलं असेल तर एक, तिने "माझ्याशी संपर्क करू नकोस" असं स्पष्ट सांगितलं असेल तर मग अंतर राखणं ही तुझ्या सोयीची बाब राहत नाही, तो तिचा हक्क आहे आणि ती जिथे हमखास बसते त्या बाजूला फिरकायचंच नाही. तुझी झोप-जेवण कसं आहे यावरही अवलंबून आहे. तू लिहिलंयस की ऑफिस चालू आहे, जिम बंद पडलीये, रात्री दोन-दोनपर्यंत झोप येत नाही. हे त्रासाचं आहे पण माणूस उभा आहे. ज्याला जेवण जात नाहीये, कामावर जाता येत नाहीये, किंवा जगून काय करायचं असे विचार येतायत, त्याला मी सवाईला जा असं सांगणार नाही, आधी घरच्यांपैकी कुणाला तरी सांग आणि सायकिॲट्रिस्टकडे जा असं सांगेन. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. तुझ्याबाबतीत तसं वाटत नाहीये, पण हे वाचणाऱ्यात कुणी असेल म्हणून इथेच लिहून ठेवते.

आता गाण्याने एवढं का होतं ते बघू, कारण ते कळलं की निम्मी भीती कमी होते.

कॅलिफोर्नियात पेत्र जनाता नावाचे संशोधक आहेत, त्यांनी 2009 साली एक अभ्यास छापला. विद्यार्थ्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून त्यांच्या लहानपणीच्या-किशोरवयातल्या काळातली गाणी ऐकवली आणि जिथे गाण्याबरोबर स्वतःच्या आयुष्यातली आठवण जागी झाली तिथे कपाळामागच्या मधल्या भागात जास्त हालचाल दिसली. हा भाग 'मी कोण' याच्याशी निगडित गोष्टी हाताळतो. म्हणजे गाणं ऐकताना ती आठवते याचा अर्थ तू कमजोर आहेस असा होत नाही, गाणं आणि स्वतःची गोष्ट मेंदू एकाच ठिकाणी जोडून ठेवतो म्हणून ती आठवते. आणि सवाईत तर नुसतं गाणं नसतं ना, डिसेंबरची थंडी असते, कपाटातून काढलेल्या स्वेटरचा वास असतो, मांडवाबाहेरचा चहा असतो, सतरंजीवर मांडी घालून पाय आखडलेले असतात. हे सगळं तिच्यासकट एकत्र बांधलं गेलंय. एक धागा ओढला की बाकीचं येतंच.

मग ते सोडवायचं कसं? लोकांना वाटतं की काही वर्षं लांब राहिलं की जुनं पुसलं जातं. माझ्या अनुभवात लांब राहून फारसं पुसलं जात नाही, ते तसंच गोठून राहतं, आणि पाच वर्षांनी माणूस गेला तरी पहिल्या दिवसासारखं अंगावर येतं. जुन्याच्या शेजारी नवं ठेवावं लागतं, त्याच जागी, त्याच थंडीत, वेगळ्या माणसांबरोबर. पुण्यातल्या रसिकांनी हे सगळ्यांनी मिळून केलंय एकदा. रमणबाग म्हणजेच सवाई असं किती पिढ्यांच्या डोक्यात बसलेलं होतं, 2018 मध्ये महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला तेव्हा "आता ती मजा नाही" असं कितीतरी जण म्हणत होते आणि ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. आज मुकुंदनगरच्या त्यांच्या स्वतःच्या आठवणी तयार झाल्यात. रमणबाग कुणी विसरलेलं नाही, विषय निघाला की अजून हळवे होतात, पण गाणं ऐकायला त्याची अडचण होत नाही. तुलाही तिथेच पोचायचंय, विसरायचं असं काही नाहीये.

याच कारणासाठी "दोन दिवस तिचा विचारच करायचा नाही" असा निश्चय करून जाऊ नकोस. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाचा 1987 चा पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग आहे. लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या, आणि पुढे विचार करायची मोकळीक दिल्यावर या लोकांना अस्वल जास्तच आठवलं, ज्यांना सुरुवातीपासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षाही. तू मांडवात बसून मनाला बजावत राहिलास की आठवायचं नाही, तर प्रत्येक दोन मिनिटांनी तपासत राहशील की आठवतेय का, आणि गाणं राहील बाजूला.

आता प्रत्यक्ष शनिवार-रविवारचं बोलू. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण अडचणी ठरावीक वेळी येतात आणि त्या वेळा आधी माहीत असतात.

पहिली वेळ संध्याकाळची. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्या वेळेला मारवा, पूरिया, श्री, पूरिया धनाश्री असे संधिप्रकाशाचे राग येऊ शकतात. मारवा तर तुला माहितीच असेल, षड्ज, म्हणजे मूळ सूर 'सा', सारखा टाळत राहतात, कोमल रिषभ आणि धैवत (रे आणि ध) यांवर रेंगाळतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला कुठे विसावा मिळत नाही, पोटात काहीतरी हलल्यासारखं होत राहतं. नातं तुटलेल्या माणसाला ही वेळ एरवीही जड जाते, ऑफिस सुटून घरी जायची वेळ, "कुठे आहेस" असा फोन यायची वेळ. तेव्हा जीव कासावीस झाला तर त्यातला काही भाग रागाचा आहे काही भाग वेळेचा आहे, सगळा तिचा नाहीये, हे स्वतःला सांग. तासाभराने रंग बदलतो, यमन येतो, केदार येतो, आणि तुझाही मूड बदललेला असेल बहुतेक.

दुसरी वेळ म्हणजे विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतल्या, ख्यालाची सुरुवात. लोकांना वाटतं विरहाची ठुमरी लागली की रडू येईल, पण शब्द धरून गाणं चालतं तेव्हा मनाला धरायला काहीतरी असतं. अतिविलंबित एकतालात एकेका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, मिनिटभर लागू शकतं, तेवढ्यात मन मुकुंदनगरहून निघून तिच्या बिल्डिंगखाली जाऊन परत येतं. यावर उपाय गाण्यातच आहे. कान गायकावरून काढून तबल्यावर ठेव. ठेका ऐक, मात्रा बोटांवर मोज, सम, म्हणजे फेरीची पहिली मात्रा, कधी येते ते पकड. चुकलं तरी हरकत नाही, पुढच्या आवर्तनाला परत. एखादा माणूस फार घाबरलेला असला की आम्ही त्याला समोरच्या खोलीतल्या वस्तू मोजायला सांगतो, पायाखालची फरशी जाणवतेय का ते विचारतो, त्याचंच हे रूप आहे, आणि तू तर तालात बसणाऱ्यांपैकी आहेस त्यामुळे तुला सोपं जाईल.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याची, दोन कलाकारांच्या मधली वेळ. एक गाणं संपलंय, अंगावर काटा आहे, मन मऊ झालंय, पुढच्या कलाकाराचे तानपुरे लागतायत, माइक चेक चाललाय, मित्र चहाला उठलेत आणि हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो. मेसेज याच वेळेत जातात. "आत्ता बागेश्री झाला, तू ऐकलास का" एवढंच, निरागस दिसतो तो मेसेज, आणि मग रविवारभर दोन निळ्या टिकांकडे बघत बसायचं. ही ओढ का एवढी जबरदस्त असते त्यावरही अभ्यास झालाय, हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये नुकतेच नाकारले गेलेले 15 जण घेतले, त्यांना त्या व्यक्तीचा फोटो दाखवून स्कॅन केलं, तर मेंदूतले जे भाग हालले त्यात व्यसनाच्या तलफेशी संबंधित भागही होते. तलफ म्हटल्यावर तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो, सोय करून ठेवावी लागते. म्हणून गॅपमध्ये एकटं बसायचं नाही, मित्रांबरोबर उठायचं, पाय मोकळे करायचे, काहीतरी खाऊन यायचं. फोन ज्याच्यावर तुझा विश्वास आहे अशा एका मित्राच्या बॅगेत. तिचा चॅट शुक्रवारी रात्रीच अर्काइव्ह कर आणि इन्स्टावर तिला दोन दिवसांसाठी म्यूट कर, ब्लॉक करायची गरज नाही, तिला कळतही नाही म्यूट केलेलं.

म्यूटबद्दल मी आग्रही का आहे तर ती त्याच मांडवातून स्टोरी टाकणार आहे आणि तू ती उघडणार आहेस, आणि मग त्या फोटोत मागे कोण बसलंय, शेजारचा हात कुणाचा आहे, याच्यावर तुझे दोन ख्याल जातील. टॅरा मार्शल यांचा 2012 चा अभ्यास आहे, साडेचारशेहून जास्त लोकांचा, त्यात जे जुन्या जोडीदाराचं फेसबुक जास्त चाळत होते त्यांना त्रास जास्त होता, ओढ जास्त होती आणि स्वतःची वाढही कमी झालेली दिसली. आता चाळल्यामुळे त्रास की त्रासामुळे चाळणं हे अशा अभ्यासातून ठरवता येत नाही, पण मी ज्या मुलामुलींबरोबर काम करते त्यांच्यात चाळणं थांबलं की झोप सुधारते असं मला वारंवार दिसतं.

आणि स्वतःची स्टोरी टाकणं हाही मेसेजच असतो बरं का. मित्रांच्या गळ्यात हात टाकून हसतानाचा फोटो, खाली एखादी ओळ, आणि मग कुणीकुणी बघितलं ती यादी दर दहा मिनिटांनी उघडायची. टाकण्याआधी एकच प्रश्न विचार, ती हे कधीच बघणार नाही हे नक्की असतं तर मी हे टाकलं असतं का. उत्तर नाही आलं तर फोटो गॅलरीत राहू दे, सोमवारी मित्रांच्या ग्रुपवर टाक.

चौथी वेळ रात्री परतल्यावरची. एरवी लाउडस्पीकरच्या नियमांमुळे दहाला थांबावं लागतं पण शनिवारी बहुतेक वेळा बारापर्यंतची परवानगी मिळते, म्हणजे तुम्ही घरी पोचणार एकच्या सुमारास, दमलेले, थंडीने कुडकुडलेले, आणि मित्र बऱ्याच महिन्यांनी भेटलेत म्हणजे कुणीतरी बाटली उघडणार. तू पीत असशील नसशील मला माहीत नाही, पण या आठवड्याअखेरीला नको. दारूने झोप लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर तुटते, आणि पहाटे चारला जाग आलेल्या माणसाला जे सुचतं ते कधीच चांगलं नसतं. गरम वरणभात किंवा खिचडी करा आणि झोपा. सकाळी लवकर जाग आलीच तर पडून राहू नकोस, महोत्सवाच्या दिवसांत शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात सकाळी 'षड्ज' या उपक्रमात संगीतावरचे माहितीपट दाखवतात, कुठल्या दिवशी काय ते वेळापत्रकात बघून जा.

आता ती दिसली तर.

हजारो माणसं असतात तिथे, दिसेलच असं नाही, पण दिसेल असं धरू. सगळ्यात जास्त दमणूक दिसण्याने होत नाही, शोधण्याने होते. तू आत शिरल्यापासून प्रत्येक मोकळ्या केसांच्या मुलीकडे, प्रत्येक पांढऱ्या झब्ब्यातल्या काकांकडे बघत राहशील आणि दोन तासांत मान दुखेल. म्हणून जागा अशी घे की शोधता येणार नाही. तिचे बाबा खुर्च्यांमध्ये बसतात असं तू लिहिलंयस, तर तुम्ही भारतीय बैठकीत बसा, शक्य तितकं पुढे, म्हणजे समोर फक्त स्टेज राहील आणि गर्दी पाठीमागे. समोरासमोर आलातच, चहाच्या रांगेत वगैरे, तर नजर चुकवू नकोस आणि थांबूही नकोस. "कशी आहेस? काका बरे आहेत ना? चल, मित्र थांबलेत." एवढंच, आणि ते आधी आरशासमोर मोठ्याने म्हणून बघ, हसू नकोस, खरंच बघ, कारण ऐनवेळी जीभ अडखळते ती न म्हटलेल्या वाक्याला. काका दिसले तर नमस्कार कर, वयाने मोठे आहेत, त्यांच्याशी तुझं भांडण नाही. पण त्यांच्याजवळ बसून तिची चौकशी करायची नाही, त्यांना अवघड जागी आणायचं नाही.

आणि गेल्या वर्षीची तिची शाल तुझ्याकडे राहिलीये ती घेऊन जाऊ का असं विचारलंयस. नको. वस्तू परत करायची ती जागा नाही, त्या निमित्ताने तू दोन्ही दिवस तिला शोधत राहशील आणि ती पिशवी सांभाळत राहशील. महोत्सव झाल्यावर तुमच्या दोघांच्या ओळखीच्या मैत्रिणीबरोबर पाठव किंवा कुरिअर कर, आत चिठ्ठी न घालता.

मित्रांचं. चौघांना सगळं सांगायची गरज नाही, एकाला सांग, आणि ते आल्यावर सांगू नकोस, आधी फोनवर सांग. काय सांगायचं तेही देते: "तिकडे मला थोडं जड जाणारे. मी गप्प झालो तर विचारत बसू नकोस, फक्त शेजारी बस. आणि माझा फोन मागितला तरी गाणं संपेपर्यंत देऊ नकोस." मुलं हे बोलत नाहीत एकमेकांशी, मला माहितीये, पण बोलल्यावर समोरचा किती समजून घेतो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटतं, हे मी बघितलंय. मित्रांना काय करायचं ते कळत नसतं म्हणून ते "सोड ना यार, दुसरी मिळेल" म्हणतात किंवा तिला नावं ठेवतात. त्यात प्रेमच असतं. तिला नावं ठेवायला लागले तर थांबव मात्र, कारण मग तू तिची बाजू घ्यायला लागशील आणि प्रेम परत उजळून निघेल, हे हमखास होतं.

दुसरं टोकही टाळ, दोन्ही रात्री पहाटेपर्यंत तोच विषय. एकदा मनापासून बोलून घेणं चांगलं. तेच तेच उगाळलं की हलकं वाटण्याऐवजी घट्ट होत जातं. शनिवारी सकाळी चहा-पोह्यांबरोबर काय ते बोलून घे, प्रश्नबिश्न विचारू दे त्यांना, आणि मग निघा. चौघांपैकी दोघांना शास्त्रीय गाण्यातलं काही कळत नाही असं तू जरा तक्रारीच्या सुरात लिहिलंयस, मला उलट ते फार चांगलं वाटलं. तिच्याबरोबर तू शिकणारा होतास. यांच्यासाठी तू सांगणारा होशील, राग कुठला, सम कुठे, आता द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू होईल बघ, आणि सांगताना तुला कळेल की हे सगळं तुझ्यातच आहे, तिच्याबरोबर गेलेलं नाही. तुझ्या त्या न लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर तुला माझ्यापेक्षा ते दोघं जास्त चांगलं देतील.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: आठवण येऊ दे, फोन दुसऱ्याकडे, गॅपमध्ये एकटं नाही, बैठकीत पुढे, एका मित्राला आधी सांगितलेलं, रात्री खिचडी आणि झोप. आता रडण्याचं आणि रविवारच्या शेवटाचं राहिलं.

रडू आलं तर रड. खरंच सांगते, सवाईच्या मांडवात डोळे पुसणारी माणसं मी इतकी बघितलीयेत, म्हातारे आजोबा, गाणं शिकणारी पोरं, कुणी कुणाकडे वळून बघत नाही, तिथे ते चालतं. पाणी आलं की श्वास रोखून धरू नकोस, श्वास सोडताना जरा लांब सोड, रुमाल खिशात असू दे. रडणं साधारणपणे काही मिनिटांत आपोआप उतरतं. छाती भरून आली, हातपाय गार पडले, श्वास पुरत नाही असं वाटायला लागलं तर मात्र उठ, मित्राला खूण कर आणि दोघं बाहेर या, पाणी पी, चार फेऱ्या मार. परत आत जायचं की नाही ते बाहेर आल्यावर ठरव. गेला नाहीस तरी काही हरलास असं होत नाही.

रविवारचा शेवट तुला नको वाटतोय ते मी समजू शकते. महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या आवाजातल्या 'बिन देखे परे नाही चैन' या भैरवीच्या ध्वनिमुद्रणाने होते, आणि शब्दच असे आहेत की तुझ्यासारख्याला दुसरं काही ऐकायची गरजच नाही. इथे एक सावधपणा सांगते. नातं तुटलेल्या दिवसांत प्रत्येक बंदिश आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटतं, कुणीतरी काहीतरी सुचवतंय असं वाटतं. भीमसेन जोशींनी 1953 मध्ये गुरूंच्या स्मृतीसाठी हा महोत्सव सुरू केला, हे गुरू म्हणजे सवाई गंधर्व, ते त्याच्या आदल्या वर्षी गेलेले. त्या भैरवीत मांडवातला प्रत्येक जण आपापलं कुणीतरी शोधतो, शेजारच्या काकूंना त्यांचे गेलेले यजमान आठवत असतील. तुला ती आठवेल. पण त्यावरून "आता फोन करायलाच हवा" असा अर्थ काढू नकोस. ते संपल्यावर निदान सोमवार संध्याकाळपर्यंत तिच्याबद्दलचा कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, हे आजच ठरव.

थांबायचं की आधी निघायचं हे मात्र तुझ्यावर आहे. मी दोन्ही करणारी माणसं बघितलीत आणि दोन्ही नीट झालेली बघितलीत. ज्यांनी आधी ठरवून ठेवलं त्यांना बरं गेलं, जे ऐनवेळी पळाले त्यांना पुढचे काही दिवस "मी पळालो" हे खात राहिलं. तुझा बंगळुरूवाला मित्र रविवारी रात्रीच्या बसने जाणार असेल तर त्याला सोडायला शेवटच्या कलाकाराआधी निघणं हे अगदी चांगलं कारण आहे, खोटं कारण नाहीये ते. थांबणार असशील तर एकटा थांबू नकोस, गाण्यातलं न कळणाऱ्या त्या दोघांपैकी कुणीतरी शेजारी हवं.

आणि सोमवारचं कुणीच विचारत नाही. चार जणांचा गोंगाट निघून गेलेला, बाथरूममध्ये कुणाचा तरी विसरलेला टॉवेल, बेसिनमध्ये कपबशा, आणि तू ऑफिसहून त्या फ्लॅटवर परत. शनिवार-रविवार निभावून नेलेली माणसं सोमवारी संध्याकाळी ढासळतात. सोमवारचं जेवण आत्ताच कुणाकडे तरी ठरवून टाक, आत्याकडे, ऑफिसमधल्या कुणाबरोबर, कुठेही, आणि मंगळवारी जिमला जा, बंद पडलेलं ते तेवढं एक सुरू कर. तीन-चार आठवड्यांनीही झोप दोनच्या आत येत नसेल तर एखाद्या समुपदेशकाची वेळ घे, त्यासाठी फार वाईट अवस्था व्हायची वाट बघायला लागत नाही. जाऊन आल्यावर कसं गेलं ते इथे लिही, म्यूट केलं होतंस की नाही तेही लिही.